पेटीतले दिवस

३ जानेवारी
मिरजेच्या दवाखान्यातून आलो बाई एकदाचे घरी! लग्नापासून मी जयराजबरोबर फौजेच्या क्वार्टरमध्येच, त्यामुळे वाळव्याजवळच्या या सासरघरात तशी नवखीच. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळीची नखं बघून लय हसल्या. एकोणतिसाव्या आठवड्यातच आलेली, अकराशे ग्रॅमची पोर, चार आठवडे काचेच्या पेटीत राहून आता दीड किलोची झालीय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, परवा तिसावा दिवस, डोळे तपासायला आणा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांमागच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात म्हणे, वेळेत लेसर केला तर नजर वाचते. मी हो म्हटलं. पण एवढे टपोरे डोळे, त्यांना काय धाड भरलीय!

५ जानेवारी
गेलो नाही. सव्वा महिना झाल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई, सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, आवं, महिना होत आलाच की. तर म्हणे, काचेच्या पेटीतलं दिवस धरत्यात व्हय? पोर घरात आली तवापासनं मोजायचं. मला हसूच आलं. बाहेर थंडी, जो तो खोकतोय. खरं लिहायचं तर मलाही बरंच वाटलं.

१६ जानेवारी
मी न्हाणीत असताना दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. सासूबाईंनी उचलला, पोर ब्येस दूध पिती म्हणून ठेवून दिला. मी चिडले, पण उलट फोन केला नाही. का नाही केला?
बाळी दुपारभर छताच्या कोपऱ्याकडे बघून हसते. सटवाई खेळवतीया, मधी उभं राहू नगंस, असं सासूबाई सांगतात.

२७ जानेवारी
आज मुद्दाम मधे उभी राहिले. ती माझ्या आरपार हसत राहिली. स्टुलावर चढून कोपरा पाहिला, तिथं जळमटसुद्धा नाही. जयराज फोनवर म्हणाला, लहान पोरं तशीच बघतात. तशीच?

४ फेब्रुवारी
डोळे सारखे थरथरतात. खुळखुळा वाजवला की दचकते. न वाजवता समोर धरला तर — काही नाही. दार लावून घेते आणि पुन्हा धरते, पुन्हा —

८ फेब्रुवारी, सकाळ
मोबाइलचा उजेड धरला. डावा डोळा मिटला. उजवा उघडाच. बाहुलीत काळं नाही, काहीतरी राखाडी, आतून पुढं सरकलेलं —
आजून चार दिस, सासूबाई म्हणाल्या. मी बाळीला उचललं. मामंजींना गाडी काढायला लावली. सासूबाईही मागं येऊन बसल्या.

दुपार, मिरज
उजवा गेला. पडदाच सुटलाय. डाव्याला आत्ताच लेसर, वाचेल — कदाचित. डॉक्टरीणबाईंनी जन्मतारीख विचारली. सहा डिसेंबर. चौसष्ट दिवस, त्या म्हणाल्या.

बाळीला आत नेलं. सासूबाईंनी हळूच विचारलं, किती येळ लागंल. मोजू नका, म्हणून मी ओरडले. सगळे बघायला लागले. त्यांनी पदर तोंडात कोंबला. त्यांनी नुसतं मोजलं. दवाखान्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, मी —

दार उघडलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत नाहीयेत, आधी सासूबाईंना खाली बसा म्हणतायत, आणि मग — डाव्याचाही पडदा सुटलाय, लेसरचा उपयोग नाही.