माझी ट्यूब त्याच्या हाताला

मंगळवार, सांजच्याला

माझी आख्खी मलमाची ट्यूब नवऱ्यानं हाताला चोळून संपवली! विश्रामबागच्या डॉक्टरीणबाईनं दिलेली. पाळी गेल्यापास्नं आत कोरडं पडलंय, नवरा जवळ आला की सुरी फिरवल्यागत होतंय, म्हणून दिलेली. हा सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानातनं सणाला घरी विट्याला आला, तेजाबानं फुटलेल्या हाताला माझं मलम फासलं, आन वर म्हणतो, "लय गार वाटलं गं." मग काल पुन्हा जवळ आला, कोरड्यावरच. अशी लाथ घातली की पलंगाखाली! वरनं तांब्या फेकला. कपाळ फुटलं.

"एवढ्याशानं मारतीस व्हय?" म्हणला.

एवढ्याशानं? तेजाबाचा थेंब पडला तर गल्ली गोळा करतोय, आन मी काय दगडाची? लाथ जास्त झाली का? न्हाई झाली.

डॉक्टरीणबाई म्हणाली हुती, मलम नेमानं लावा, घाई नको, दुखलं की थांबा, नवऱ्यालाबी सांगा. कसं सांगायचं म्हणून ट्यूब कपाटात दडवली, तीच ह्याला घावली. आज तोंडावर सांगितलं, "आवं, नवी ट्यूब आणायला माझ्यासंगं चला आन बाईम्होरं बसून ऐका. न्हाईतर भाईर सोप्यात झोपा. शनिवारपत्तुर काय ते बोला."