साडेसातशे वॅट आणि वर्षाचे गहू

समा, बडोदे
दि. १२ मे २०२५

चि. सौ. लीला हीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. नव्या कानयंत्रातून शिट्टी येते म्हणून तू ते डब्यात ठेवून दिलंस, हे वाचून हसू आलं आणि खरं सांगू, जरा बरंही वाटलं. तुला फोनवर नीट ऐकू यायला लागलं, तर आपल्या पत्रांचं काय होणार?

इकडे वर्षाचे गहू आले. टुकडी जातीचेच घेतले. कीड लागू नये म्हणून एरंडेलाचा हात स्नेहलता होती तोवर तीच द्यायची; गेल्या वर्षी गहू भरलेच नाहीत, यंदा मी दिला. दोन दिवस माझ्या चहालाही एरंडेलाचा वास येत होता. दोन माणसांच्या घरात एवढे गहू कशाला, असं दुकानदारानेसुद्धा विचारलं. सवय, दुसरं काय.

आता मुद्द्याचं. अनीशचं तसंच आहे. त्याची आई जाऊन दीड वर्ष झालं, बंगळूरची नोकरी सुटून वर्ष होत आलं. तेहेतीस वर्षांचा मुलगा वरच्या खोलीत दार लावून बसतो आणि दिवसभर कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ खेळतो. कोपऱ्यावर भाजी आणायला जात नाही, विमान मात्र लिस्बनला उतरवतो! मी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, काहीच न बोलताही पाहिलं. हात टेकले, लीला. रिफायनरीत तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काढली, कुठल्या यंत्राचा काटा का हलत नाही ते सांगत आलो. घरातल्या मुलाचं मला काही कळत नाही.

परवा मात्र तो आपणहून खाली आला. खेळाची नवी आवृत्ती जुन्या कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून आतले भाग बदलायचे आहेत. पैसे त्याच्याकडे आहेत. त्याला एवढंच हवं होतं, की पॉवर सप्लाय किती वॅटचा घ्यावा ते मी सांगावं. मी! चहा टाकला, पाऊण तास दोघं टेबलाशी बसलो. त्याने भागांची यादी लिहून दिली, ती सोबत जोडली आहे. तुझी सून कॉलेजात कॉम्प्युटरच शिकवते, तेव्हा हे भाग एकमेकांशी जुळतात का एवढं यशश्रीने पाहावं. घाई नाही.

लोभ आहे तसाच राहू दे, कानयंत्रासारखा डब्यात ठेवू नकोस.

तुझा,
दादा


मिरज
दि. २२ मे २०२५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

यशश्रीने तुझी यादी परीक्षेच्या पेपरासारखी लाल पेनाने तपासली आणि, सांगायला वाईट वाटतं, अनीश नापास आहे. त्याने मदरबोर्ड जुन्या पिढीचा निवडलाय आणि रॅम नव्या पिढीची, ती त्या खाचेत बसायचीच नाही. शिवाय ते ग्राफिक्स कार्ड तेहेतीस सेंटिमीटर लांब आहे. कॅबिनेटच्या आत तेवढी जागा आहे का, ते मोजून घ्या म्हणते. कार्ड घरी आल्यावर कॅबिनेट करवतीने कापायची वेळ यायला नको.

ती हेही म्हणाली, की इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम केलेल्या माणसाने रॅमची चूक करावी याचं तिला नवल वाटतं. मी म्हटलं, त्याचं चित्त ठिकाणावर नाही. दादा, त्याला जपून विचार. तू प्रश्न विचारतोस तेव्हा समोरच्याला चौकशी समितीपुढे बसल्यासारखं होतं, हे वहिनीसुद्धा म्हणायची.

मोजमाप लवकर कळव. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण आता मलाही उत्सुकता लागली आहे.

तुझ्या आशीर्वादाची वॉरंटी अजून शिल्लक आहे ना? असू दे.

तुझी,
लीला


समा, बडोदे
दि. ९ जून २०२५

चि. सौ. लीला हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

कॅबिनेट मोजलं. घरात मोजपट्टी सापडेना, तेव्हा स्नेहलताच्या शिलाई मशीनच्या खणातून तिची टेप काढली. आत एकतीस सेंटिमीटर भरले, म्हणजे ते कार्ड बाद. टेप गुंडाळता गुंडाळता अनीश थांबला. म्हणाला, शाळेच्या शर्टाचं माप आई याच टेपने घ्यायची आणि दरवर्षी दोन बोटं जास्त धरायची. लीला, इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून आई हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी उठून गॅस बारीक करून आलो. गॅस बंदच होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी साडेपाचला तो यादी घेऊन खाली येतो. मदरबोर्ड बदलला, त्यामुळे प्रोसेसर बदलला, त्यामुळे पंखा बदलला. मग मी शंका काढली, की उन्हाळ्यात वरची खोली तापते, एवढा पंखा पुरेल का? पुन्हा दोन दिवस त्यात गेले. खरं म्हणजे पंखा पुरेल हे मला ठाऊक होतं.

शेवटी परवा दोघं रिक्षाने सयाजीगंजला गेलो. हो, अनीशसुद्धा! दुकानदाराने सारं काढून दाखवलं. मी चौथ्यांदा विचार बदलला तेव्हा तो गुजरातीत काकुळतीला येऊन म्हणाला, की काका, आता तरी नक्की करा. सगळं घेतलं. फक्त साडेसातशे वॅटचा पॉवर सप्लाय त्याच्याकडे नव्हता, तो कुरियरने घरी येईल. येताना सेव-उसळ खाल्ली. अनीशला तिखट लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो हसला. आधीचं हसू कधीचं, ते मला आठवेना.

यशश्रीला सांग, तिने आणखी काही चुका काढल्या तरी चालेल. वाट पाहतो.

तुझा,
दादा


मिरज
दि. १८ जून २०२५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

सेव-उसळीपर्यंतचं पत्र मी यशश्रीला दोनदा वाचून दाखवलं. माझा आवाज आता मोठा असतो, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळलं.

तिच्या मते आता यादीत एकही चूक नाही. पॉवर सप्लाय आला की लगेच जोडून टाका म्हणते. तो नसेल तर बाकीचं काही सुरू करून पाहता येत नाही, आणि एखादा भाग खराब निघाला तर बदलून घ्यायची मुदत टळून जाईल. तेव्हा आता शंका पुरेत. रिफायनरीतल्या माणसाला एक पंखा ठरवायला दोन दिवस लागतात, हे मला पटलेलं नाही. मी तुझी बहीण आहे, दादा. लहानपणी शेवटचा लाडू उरावा म्हणून तू पहिला कसा कुरतडत बसायचास ते मी पाहिलं आहे.

जोडून झालं की कळव. माया करतोस ती करत राहा, भिंग घेऊन तपासू नकोस.

तुझी,
लीला


समा, बडोदे
दि. ३० जून २०२५

चि. सौ. लीला हीस आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र यशश्रीला दाखवू नकोस.

पॉवर सप्लाय सतरा तारखेलाच आला. अनीश अंघोळीला गेला होता. मी सही केली, खोकं हातात घेतलं आणि डोळ्यांपुढे आलं, की आज संध्याकाळी सगळं जोडून होईल, उद्या साडेपाचला कोणी खाली येणार नाही. मी काय केलं माहीत आहे? एकाहत्तर वर्षांच्या माणसाने गव्हाची कोठी उघडली, कोपरापर्यंत हात घालून खड्डा केला, खोकं आत ठेवलं आणि वरून गहू सारखे केले. गहू मीच काढतो, अनीश तिकडे फिरकत नाही.

तो रोज विचारतो, कुरियर आला का. मी नाही म्हणतो. मग चहा घेत आम्ही दोघं मिळून कुरियरवाल्याला शिव्या घालतो. त्या बिचाऱ्याने काय केलंय? शिव्या संपल्या की इकडच्या तिकडच्या गोष्टी निघतात. काल त्याने बंगळूरच्या नोकरीचं सांगितलं. एका फोनवर सात मिनिटांत चाळीस जणांना काढलं, आणि त्यानंतर बराच वेळ तो फोन कानाला लावून तसाच बसून होता. हे तो मला वर्षभरात बोलला नव्हता. खोटं बोलून मी हे ऐकतो आहे, याची मला लाज वाटते. आणि तरी आज सकाळी कोठीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

पीठ संपत आलंय. गहू काढायचे तर खोकं वर येतं, म्हणून आठवडाभर भातावर काढतो आहे. मी काय करू? तूच सांग. तू सांगशील ते करीन.

दादा


मिरज
दि. ७ जुलै २०२५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून फाडणार होते, फाडवलं नाही. यशश्रीला दाखवलेलं नाही.

तू केलंस ते चुकीचं आहे. मी तुझ्या जागी असते तर तांदळाच्या डब्यात लपवलं असतं, ते सोड. पण खोकं काढ, दादा. तो तुझ्यावर विश्वास ठेवून रोज विचारतो. उद्या त्याला कळलं, तर झालेलं बोलणंसुद्धा त्याला खोटं वाटेल, आणि मग तो जो वर जाईल तो येणारच नाही. मला त्याचीच भीती वाटते.

पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. असतं तर सांगितलं असतं. माझा स्वतःचा मुलगा याच घरात राहतो आणि मला ऐकू येत नाही म्हणून मान हलवून निघून जातो. मी कोणाला काय शिकवणार? पण खोकं काढ.

तुझ्यावर रागावले आहे, पण माया तेवढीच आहे. दोन्ही पोचल्याचं कळव.

लीला


समा, बडोदे
दि. १९ जुलै २०२५

चि. सौ. लीला हीस आशीर्वाद, वि. वि.

दोन्ही पोचली. अकरा तारखेला खोकं काढलं, पुसलं आणि सकाळीच आलं म्हणून सांगितलं.  अनीशने माझा स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला. दोन तासांत सगळं जोडून झालं, कुठलाही भाग खराब निघाला नाही. वरून पंख्याचा आवाज आला, बारीकसा. मग दार लागलं.

आज आठ दिवस झाले. जेवायला येतो, ताट धुऊन ठेवतो, वर जातो. साडेपाचला मी सवयीने दोन कप चहा करतो. एक मी पितो, थोड्या वेळाने दुसराही मीच पितो. काल जिना चढून गेलो, दार वाजवायला हात उचलला, आणि विचारायला काही सुचेना. सगळे भाग जुळले आहेत, लीला. तसाच खाली आलो.

तुझं ऐकलं ते बरोबरच केलं. पण फार एकटं वाटतं आहे. पत्र लवकर पाठव, एवढंच मागणं.

दादा


समा, बडोदे
दि. २१ जुलै २०२५

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मी तुला पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. मायना तुझ्या जुन्या पत्रांत बघून उतरवला, चुकला असेल तर यशश्री वहिनीला लाल पेन दे.

बाबा प्रत्येक शंका काढताना लीला असं लिहिते, असं म्हणायचे, म्हणून तुलाच लिहितो. पॉवर सप्लाय कोठीत होता, हे मला जूनमध्येच कळलं होतं. पीठ संपत आलं होतं. बाबा दुपारी झोपले होते, तर आपण दळण आणून ठेवावं म्हणून मी गहू काढायला गेलो आणि हाताला खोकं लागलं. मी गहू परत सारखे केले. दळण आणलं असतं तर मी कोठी उघडली हे त्यांना कळलं असतं, म्हणून तेही राहिलं. मग खोकं बाहेर येईपर्यंत आम्ही दोघं भात खात होतो आणि रोज संध्याकाळी मी त्यांना विचारत होतो, की कुरियर आला का.

पहिल्या यादीतली रॅम मी मुद्दाम चुकीची लिहिली होती. बाबांना चूक सापडेल, चार दिवस बोलायला होतील, असं वाटलं. त्यांना सापडली नाही, यादी मिरजेला पाठवावी लागली.

आता सगळं जोडून झालंय आणि मला खाली जाता येत नाही. साडेपाचला कपांचा आवाज येतो. मी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत येतो, आत्या, आणि काय बोलायचं ते सुचत नाही. शुक्रवारी बाबा दाराबाहेर उभे होते. मला त्यांची सावली दिसत होती. मी आत श्वास रोखून बसलो, की ते वाजवतील. ते गेले. मला उठून दार उघडता आलं नाही. का, ते मला खरंच माहीत नाही. आई असती तर तिने जिन्यातून हाक मारली असती आणि काम झालं असतं.

एक कर. बाबांना लिही, की यशश्री वहिनीला एक मोठी चूक सापडली आहे. आमचा मॉनिटर फार जुना आहे, नव्या कार्डाचं अर्धंसुद्धा त्यावर दिसत नाही. हे खोटं नाही, वहिनीला विचारून बघ. लिही की मॉनिटर निवडणं भलतं अवघड असतं आणि त्यात घाई करू नये.

बाबांची काळजी करू नकोस. केलीस तर दोघांची मिळून कर.

तुझा,
अनीश

ता. क. उत्तर साध्या पोस्टानेच पाठव. कुरियरवर या घरात कोणाचाच विश्वास उरलेला नाही.