फणसाची खुर्ची

आबा,

जेवायचे पाट, देव्हारे, एक पाळणा, शाळेची बाकं, आंबे उतरवायच्या दोन शिड्या, एका खलाशाच्या घरचं कपाट, ज्याचं दार अजून एका बोटाने लागतं, आणि बसायच्या फळीला भोक असलेल्या दोन खुर्च्या. मी हाताने केलेलं याहून बरंच आहे, पण नाव घेण्यासारखं एवढंच. हातखंब्याला रस्त्याकडेला माझं दुकान आहे. ते तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्ही आत असतानाच ते उभं राहिलं. मला हे काम कुणी शिकवलं नाही. शाळेने टाकून दिलेल्या मोडक्या खुर्च्या पडवीत आणून मी सुट्या करायचो, पुन्हा जोडायचो, आणि तुम्ही येता-जाता म्हणायचात, "मेल्या, नांगराचा हात तो. त्यात वाकस-रंधा कशाला धरतंस?"

हद्दीच्या गडग्यावरून झालेल्या भांडणाबद्दल मी लिहिणार नाही. तुमचा चुलतभाऊ, तुमच्या हातातली पहार, एक घाव. कोर्टाने जे लिहायचं ते लिहिलं आणि तुम्हाला घाटावरच्या जेलात धाडलं. साखरेचा आजार तुम्ही घरूनच नेला होतात. तिथे इन्सुलिन ऑफिसातल्या फ्रिजमध्ये असायचं, सुई वेळेवर मिळायची, त्यात खोट काढता येणार नाही. पण संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आतच वाटतात. मग कुलूप. पहाटेपर्यंत पोट रिकामं राहतं, साखर उतरते, अंगाला घाम सुटतो. त्यासाठी तुम्ही अर्धी चपाती टॉवेलच्या टोकाला बांधून ठेवायचात. हे तुम्ही मला हसत सांगितलंत, जसं काही तुम्ही कुणाला फसवलं होतं.

पुढे पायाला जखम झाली, ती चिघळली, मोठ्या इस्पितळात नेऊन तीन बोटं काढली. त्यानंतरच्या मुलाखतीला जाळीपलीकडे तुमचे ओठ पांढरे पडलेले दिसले.

"पाणी पिता ना?"

"पितंय की. लागंल तेवढा."

बाहेर जेलचे डॉक्टर भेटले. तरुण होते, सरळ बोलणारे. म्हणाले, "वडिलांना संडासात खाली बसता येत नाही. दोघांनी धरावं लागतं. त्याची लाज वाटते, म्हणून जायलाच लागू नये यासाठी ते पाणी पीत नाहीत. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील."

"मग त्यांना भोकाची खुर्ची द्या."

"मागणी केलीय. येईल तेव्हा येईल. तुम्ही काय करता?"

"लाकूडकाम."

"मग तुम्हीच आणा ना. मी चिठ्ठी देतो. साहेब परवानगी देतील. फक्त लोखंड नको आणि पोकळ काही नको."

घरामागचा फणस वादळात पडला होता. त्याच्या फळ्या माळ्यावर चांगल्या सुकल्या होत्या. माझ्याकडे त्याहून चांगलं लाकूड नव्हतं, आणि बापाला दुसऱ्या प्रतीचं द्यायचं नव्हतं. खिळा एकही मारला नाही, सगळं लाकडात लाकूड बसवून, फणसाच्याच खुंट्यांनी. तुमची नडगी मला आठवत होती, त्या मापाने उंची धरली. भोकाची कड अशी घासली की त्यावरून रेशीम ओढलं असतं तरी अडकलं नसतं. एसटीत कंडक्टरने विचारलं, "कसला स्टँड हो?" मी म्हटलं, हंड्याचा. "वा! हंड्याचे एवढे लाड!" म्हणाला आणि सामानाचं तिकीट फाडलं.

गेटवरच्या शिपायाने खुर्ची उलटी केली, काठीने चारही पाय वाजवले.

"खिळा कुठाय?"

"नाही."

"मग उभी कशी ही?"

तो प्रश्न मी अजून जपून ठेवलाय.

पुढच्या मुलाखतीला तुमचे ओठ तसेच. मी विचारलं, खुर्ची मिळाली का.

"मिळाली तर. बैठक बरी जमलीय." माझ्या कामाबद्दल तुमच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द.

"वापरता ना?"

"जेवतंय तिच्यावर बसून."

"आबा, ती जेवायची नाही!"

"फणस हाय तो. पिवळा धमक. फणसाचा पाट करतंस, देव्हारा करतंस, नि त्याच्यावर मी तसलं बसू? एवढा मोठा मिस्त्री झालास, तुला कळत नाय?"

शेजारच्या जाळीतली माणसं हसायला लागली. मी चिडलो. लाकूड म्हणजे लाकूड, म्हटलं. ज्या माणसाची मूत्रपिंडं जायला लागली आहेत त्याने झाडाची जात बघायची नसते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग दुसरा आण."

दुसरी आणायची तर चिठ्ठी दुसरी, परवानगी दुसरी. तेवढ्यात त्या डॉक्टरांची बदली झाली. नव्या डॉक्टरांना तुम्हाला स्वतः तपासायचं होतं, ते बरोबरच होतं. त्यात आख्खा पावसाळा गेला. या वेळी मी अकेशियाचं लाकूड घेतलं, सरकारने कातळाच्या सड्यावर लावलेलं ते झाड. त्याच्या पाटावर कुणी जेवत नाही, त्यात कुणी देव बसवत नाही. मापं तीच, खुंट्या तशाच.

त्यानंतरची मुलाखत मला पुरती आठवते. तुम्ही प्लॅस्टिकचा मग घेऊन आलात. माझ्याकडे बघत बघत, एकही थेंब न सांडता, तो आख्खा प्यायलात आणि उपडा करून दाखवलात. "झाला समाधान? ह्या झाडाला कोन इचारतंय. सरकारी हाय. चालतंय."

आजार तोवर बराच पुढे गेला होता. मधला पावसाळा गेला नसता तर काय झालं असतं, ते डॉक्टर बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. शेवटी सरकारी इस्पितळात तुमच्या खाटेशी एक पोलीस बसलेला होता. मी आलो की तो स्वतःचं स्टूल मला द्यायचा आणि दाराशी उभा राहायचा. स्टूल डुलायचं. एका पायाखाली मी पुठ्ठा घातला. तुम्ही गेलात तेव्हा मी त्याच स्टुलावर होतो.

अकेशियाची खुर्ची जेलातच ठेवली. मंडणगडकडचा एक लकवा झालेला म्हातारा तिच्यावर अवलंबून होता. फणसाची तुमच्या कपड्यांबरोबर परत आली.

आता साखर मलाही आहे. गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, खाली बसू नका. बायको म्हणाली, घरात तुम्हीच केलेली आहे की. मी ती न्हाणीघराच्या दारापर्यंत नेली. तिथे तिला बाजूला ठेवून जरा उभा राहिलो आणि परत आणली. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन प्लॅस्टिकची विकत घेतली. मी, ज्याने उभ्या जन्मात विकतची खुर्ची घरात येऊ दिली नाही. हे दुकानात कुणाला माहीत नाही, तुम्हाला सांगतोय. फणसाच्या खुर्चीवर मी दोन्ही वेळा जेवतो.

हा कागद घडी करून तिच्या पायाखाली सारला असता, पण तिचा एकही पाय डुलत नाही. तेव्हा तो दुकानातल्या खणात राहील.

गेल्या आठवड्यात मालगुंडच्या बाजूचा एक होमस्टेवाला घरी आला होता. मी जेवत होतो. त्याने मला उठवून खुर्ची फिरवून पाहिली, भोकात हात घातला आणि म्हणाला, "काका, यात कुंडी काय सुंदर बसेल! अठरा हजार देतो." मी नाही म्हटलं. तो गाडीपर्यंत गेला, परत आला, पंचवीस म्हणाला. मी ताटावर परत बसलो होतो, तिथूनच मान हलवली. पंचवीस हजार.