चौदा सेकंदांचा हिशोब

शेळगाव, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. स्लॅबवरची, फोन पोचवणाऱ्या नेटवर्कची डबी फडक्याने पुसत होतो (वीज बंद करून).

तीर्थरूप मोहनमामांना अविराजचा नमस्कार. मामींच्या गुडघ्यांची सूज उतरली असेल अशी आशा आहे. आई जेवते, म्हणजे बरी आहे.

"तुजी डबी निस्ती डोळं मिचकावती, पैसं कवा देती?" असे तुम्ही परवा बाजारात विचारलेत आणि मंगळवारी कन्हेरीच्या तुमच्या छपरावरची डबी काढून मोडीत घालतो म्हणालात. मी बारावीला दोनदा राहिलो, तरी डब्या विकणाऱ्यांच्या बारामतीच्या शिबिरात सगळे लिहून घेतले होते. ब्लॉकचेनच्या नेटवर्कला एक मालक नसतो. एक डबी बंद पडली तर फोन दुसऱ्या छपरावरून जातो, ज्याचे छप्पर त्याला वाटा मिळतो. प्रत्येक फोनची नोंद सगळ्या डब्यांत एकदमच होते, म्हणून ती कोणालाही खोडता येत नाही. यातले काहीही खोटे नाही. चूक आमच्या माणसांची झाली. पैसे बोललेल्या सेकंदांचे मिळतात, आणि इथे कोणी बोलतच नाही. शेजारचा गेणबा डेअरीत पोचला की घरी एक रिंग देऊन कापतो. वडील शेतातून एक रिंग द्यायचे, म्हणजे मोटर बंद केली, भाकरी टाका. दोन रिंगा, म्हणजे लाइट गेली. (तीन म्हणजे काय ते आईलाही आठवत नाही.) वडिलांच्या एक हजार एकशे सेहेचाळीस रिंगा नोंदीत आहेत. सगळ्या शून्य सेकंदांच्या.

एक सोडून. १४ मार्च, सायंकाळी ६ वाजून ५२ मिनिटे, चौदा सेकंद. आईच्या पिठाच्या बोटाने फोन चुकून उचलला गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे वडील गेले, ते तुम्हाला माहीत आहेच.

ती नोंद मी आईला दाखवली. तिने विचारले, "ह्ये काय बोलत हुतं, त्ये न्हाय व्हय रं ह्यात?" म्हटले, नाही, फक्त सेकंद असतात. मग म्हणाली, "चुलीवर भाकर हुती, मला नीट ऐकूच आलं न्हाय. ठिवा आता, पैसं पडत्यात, आसं मीच म्हणलं."

रोज सातला ती मला ती ओळ उघडून दाखवायला सांगते.

आपला,
अविराज

ता. क. आपल्याबरोबर डब्या बसवलेल्या बाकीच्या पाचजणांनी त्या काढल्या. आता आमची आणि तुमची, दोनच उरल्या. एकट्या डबीची नोंद नेटवर्क खरी धरत नाही, दुसरीची साक्ष लागते. मंगळवारी डबी काढू नका.

ता. क. २. खर्च: तुमच्या डबीचे ६,५०० रुपये, आमच्या डबीचे ६,५००. जमा: चौदा सेकंदांचे २२ पैसे. तुम्हाला देणे: डबीचे ६,५०० रुपये आणि साक्षीच्या वाट्याचे ११ पैसे. साडेसहा हजार मी हप्त्याने फेडतो. अकरा पैसे मात्र आई देणार नाही म्हणते.