शिरोलीच्या वाट्याची धूळ

४ नोव्हेंबर
आबा फौंड्रीतून मालकांचा निरोप घेऊन आले. धूळ सोडण्याच्या परवान्यांची नवी योजना लागू झाली आहे. तिची सरकारी पुस्तिका इंग्रजीत, ती मी समजावून द्यावी. आबांनीच तिथे सांगून टाकले होते, "आमची पोरगी अर्थशास्त्रात पयली हाय. फोड करून सांगंल की." मला चारचौघांत बोलता येत नाही. लिहून देईन म्हटले.

७ नोव्हेंबर
दोन पाने, सुवाच्य. प्रत्येक कारखान्याला धुळीची मर्यादा. जो कमी सोडेल त्याने उरलेला हक्क विकावा, ज्याला जमत नाही त्याने घ्यावा. एकूण धूळ मर्यादेत राहते, तीही कमीत कमी खर्चात. हे सूत्र मला नेहमीच सुंदर वाटत आले आहे. निष्कर्ष : आपल्या भट्टीला धूळ गाळणारे यंत्र बसवण्यापेक्षा परवाने घेणे स्वस्त. खाली रेघ ओढली.

१२ नोव्हेंबर
मालकांनी गुळाची अख्खी ढेप पाठवली. पाळी संपली की भट्टीवरच्यांना घसा सुटावा म्हणून खडा देतात, तोच गूळ. आई म्हणाली, पोरीची पहिली कमाई. देवापुढे ठेवली.

२ डिसेंबर
मालकांनी यंत्र आधीच मागवून ठेवले होते, ते रद्द झाले. आबांनीच सांगितले, कौतुकाने. सांगताना दोनदा खोकल्यासाठी थांबले.

१९ डिसेंबर
आबांच्या छातीचा फोटो काढला. फुप्फुसांत धूळ बसली आहे. डॉक्टरांनी भट्टीवर किती वर्षे विचारले. आबा म्हणाले, "हिच्या जन्माआधीपास्नं."
'एकूण' हा शब्द मी किती सहज लिहिला. दुसरीकडे कुठे तरी धूळ घटली असेलच. आमची मात्र शिरोलीतच राहिली.

२३ डिसेंबर
धीर करून मालकांकडे गेले. माझे चुकले, एवढेच म्हणता आले.
"चुकलं कुठं, पोरी? गणित बरोबर हाय की तुझं." मग म्हणाले, पुढच्या मुदतीच्या परवान्यांचे गणितही तूच मांड, यंत्र परवडतंय असं निघालं तर बसवतो. आबांना दुसरे काम देता येईल का, हे विचारायचे राहिले.

२९ डिसेंबर
परवान्यांचा भाव नोव्हेंबरपेक्षाही उतरला आहे. खरे मांडले तर यंत्र येत नाही. आजवर एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. यंत्राच्या खर्चाचा रकाना तेवढा कोरा आहे.
समोर आबा गूळ फोडत बसले आहेत. म्हणाले, "अक्षर चांगलं काढ. मालक सगळ्यांस्नी दावत्यात."