शेवाळासाठी दिवा

गुरुजी, आज सकाळी मी मूठभर शेवाळ पिळून अंगणात वाळत घातलं आणि तुमची आठवण झाली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘लेका, सारं वसमत हळद वाळवते, अन् तू हे काय वाळवून राहिला?’ तुम्हाला जाऊन तीस वर्षं तरी झाली असतील. तरी सांगतो. ह्या वयात असलं काही सांगावं असं माणूस जवळ उरलेलं नाही, आणि गोष्ट उजेडाची आहे. उजेड हा धडा तुमचा.

माझ्या बायकोचे गुडघे गेले, तेव्हा तिला करमावं म्हणून लेकीनं पुण्याहून माशांची काचेची टाकी आणून दिली. मी हसलो होतो. पण हिचा जीव त्या टाकीत रमला. दाणे टाकताना ती माशांशी बोलायची. मी पेपर वाचता वाचता शाळेतल्या एखाद्या कवितेची ओळ मोठ्यानं म्हटली की म्हणायची, ‘आवो, हळू. घाबरून राहिले ते.’ मासे घाबरायचे की तिला नको व्हायचं, हे मी कधी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मग मासेही एकेक करून गेले. एक उरला, केशरी रंगाचा, शेपटी जराशी फाटलेला. तिच्या हातचं खाल्लेले ह्या घरात आता आम्ही दोघंच.

ह्या उन्हाळ्यात टाकी हिरवीगार झाली. काचा हिरव्या, पाणी हिरवं. मासा दिसायचाच नाही. पहाटे फक्त वर येऊन तोंड उघडायचा-मिटायचा, तेव्हा कळायचं की आहे. मी काच घासायचो, चार दिवसांत पुन्हा तेच. लेक फोनवर म्हणाली, ‘अप्पा, द्या ना तो कोणाला तरी. एका माशापायी किती तकलीफ?’ मी ‘बघू’ म्हणालो. बघण्यासारखं काही नव्हतं. तो गेला तर सकाळी उठून ज्याला काही द्यायचं आहे असं कोणीच राहणार नव्हतं. हे तिला फोनवर कसं सांगायचं?

मग स्टँडाकडच्या रस्त्यावर शोभेचे मासे विकणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘काका, घासून घासून तुमीच मरताल. शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, माशाची घाण अन् उजेड. त्याला टाकीबाहेर चांगलं घर बांधून द्या. टाकीपेक्षा बरं वाटलं की तिकडंच वाढते. पाणी मोकळं होते.’ घर म्हणजे एक खरबरीत जाळी. टाकीतलं पाणी पंपानं वर न्यायचं, जाळीवरून पातळ पडद्यासारखं खाली सोडायचं आणि जाळीसमोर दिवा लावायचा. शेवाळ जाळीवर धरतं, पाण्यातली घाण खाऊन फुगतं, आणि आठवड्याला ते खरवडून काढलं की त्याच्याबरोबर घाणही घराबाहेर. मला ही युक्ती फार आवडली, गुरुजी. कोणाला हाकलायचं नाही, फक्त दुसरीकडे बरी जागा करून द्यायची. पंप जुन्या कूलरचा काढला. लोकरीची तोरणं भरायची प्लॅस्टिकची जाळी असते, तिचा एक कोरा तुकडा हिच्या पेटीत होता, तो करवतीच्या पात्यानं घासून खरबरीत केला. राहिला दिवा.

‘दिवा कोणता लावू?’ असं मी विचारलं होतं. दुकानदार ‘झाडाचा’ एवढंच म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी घरी येताना मनाशी ठरवलं, शेवाळ हिरवं, त्याला हिरवाच मानवणार. हिरव्याला हिरवं. लग्नातल्या माळेत असतो तसा हिरवा बल्ब आणला आणि जाळीसमोर टांगला. खोली इतकी सुंदर दिसायला लागली की मी बाजेवर पडून नुसता पाहत राहिलो. आठ दिवस रोज सकाळी जाळीवर बोट फिरवलं. जाळी कोरी. टाकी मात्र होती त्याहून हिरवी आणि मासा वरच तरंगत होता. शेवटी त्या दुकानदाराला घरी घेऊन आलो. दारातूनच त्यानं कपाळाला हात लावला. ‘काका! मांडव घातला काय? कोणाचं लगीन हाय, माशाचं?’ मग जवळ येऊन बल्ब विझवला आणि म्हणाला, ‘हिरव्या उजेडावर हिरवं वाढत न्हाई, काका.’

मी बाजेवर बसलो. हे मला तुम्ही सातवीत सांगितलेलं होतं.

हट्टा गावातली शाळा. दुपारची वेळ. तुम्ही खिडक्या लावून घेता आणि एका खिडकीच्या फटीवर तांबडा जिलेटिनचा कागद धरता. हातात पिंपळाचं पान. तांबड्या उजेडात ते काळं दिसतं आणि सगळा वर्ग ‘आं’ करतो. आदल्या तासाला तुम्हीच बाकावर ताल धरून आमच्याकडून कविता म्हणवून घेतलेली असते. तुमच्याकडे विज्ञानही आणि मराठीही. तुम्ही विचारता, ‘पान हिरवं काहून दिसते?’ मी उठतो. माझ्या अंगात अजून कविताच असते. ‘पानाला हिरवं आवडते म्हणून, गुरुजी,’ मी म्हणतो, आणि वर स्वतः जुळवलेल्या दोन ओळी ठोकून देतो. तुम्ही हसता. तुम्ही हसलात म्हणून सगळी पोरं हसतात. ‘बस खाली, कवी. पान तांबडं खाते, निळं खाते. हिरवं त्याला तेवढं लागत न्हाई, ते परत टाकते. टाकलेलं आपल्याला दिसते.’ मग हसू थांबतं आणि तुम्ही हळू आवाजात म्हणता, ‘अन् एक ध्यानात ठेव. झाडाला इचारल्याबिगर झाडाचं मन सांगत जाऊ नको.’

त्या दिवसानंतर मी तुम्हाला एकही कविता दाखवली नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का? वर्ष संपताना तुम्ही मला एक कोरी वही दिलीत. मी तुम्हाला ती हिशेबाला वापरतो असं खोटंच सांगितलं. त्या वेळी मला वाटलं, तुम्ही माझी कविता मोडलीत. तुम्ही कवितेबद्दल बोलतच नव्हतात, हे कळायला फार उशीर झाला. हिच्या शेवटच्या आजारात डॉक्टर तिला विचारायचे, ‘काय होतंय?’ आणि ती तोंड उघडायच्या आत मीच सांगायचो, ‘काही नाही, वय झालं, तिला गप पडून राहायला आवडतं.’ गुरुजी, मी तिला विचारलं नव्हतं. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं जे बाजूला टाकलं तेवढंच मी पाहिलं असणार, आणि तोच तिचा रंग धरून चाललो.

आणखी एक आहे. मी वसमतच्या स्टँडावर माईकवरून गाड्या पुकारायचो, हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तुम्ही एकदा तिथं आलात. हातात कापडी पिशवी, चष्म्याला दोरी. तुम्ही बाकावर बसलात आणि मी काचेआडून पाहिलं. बाहेर यायला दहा पावलं होती. त्याऐवजी मी माईक ओढला आणि ‘जवळा बाजार, औंढा, हिंगोली’ असं म्हणालो, जितकं चांगल्या आवाजात म्हणता येईल तितकं, तुमच्या तालात. दोनदा म्हणालो. तुम्ही वर पाहिलंत, पण भोंग्याकडे. मग गाडी आली आणि तुम्ही गेलात. पुन्हा भेट नाही.

तर दिवा. लेकीनं रोपांसाठीचा तांबडा दिवा पाठवला. ‘घ्या, अप्पा, आता शेवाळाची शेती करा,’ म्हणाली, पण पाठवला. जाळीपासून चार बोटांवर ठेवला, पाणी उडू नये म्हणून मध्ये काचेचा तुकडा लावला. दुकानदारानं बजावलं होतं, ‘सुरुवातीला आठच तास, काका.’ मी उतावीळपणे दिवसभर लावला, तर जाळीवर धरलेलं शेवाळ पिवळं पडलं. मग त्याचं ऐकलं. खिडकीलाही जाड पडदा लावला, कारण टाकीला तिथूनच ऊन मिळत होतं. तिसऱ्या आठवड्यात जाळीवर हिरवे केस आले, ओले, मऊ, बोटभर. मी जाळी उचलून दाखवली, तर दाखवायला समोर मासाच. तोही आता खाली उतरलाय. पाणी नितळ झालंय आणि तो टाकीभर हिंडतो.

तुम्हाला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं. पण टाकी आमच्या खोलीच्या मधोमध आहे. अलीकडे माझी बाज, पलीकडे हिची खुर्ची. सगळा उन्हाळा काचा हिरव्या होत्या, तेव्हा बाजेवरून खुर्ची दिसत नव्हती. पाण्यापलीकडे काही हललं की मासा आहे, का ती खुर्चीत सावरून बसली, हे नक्की सांगता यायचं नाही. आता सगळं स्वच्छ दिसतं. खुर्चीतल्या उशीचा खळगासुद्धा.

हे पाठवायचं नाही, वहीतच राहील. पण एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहितो. दुपारी दोनच्या सुमाराला मी पडदा हातभर बाजूला करतो. ऊन बरोबर खुर्चीकडच्या काचेवर येतं. तेवढ्या एका काचेवर पुन्हा हिरवं धरू लागलंय. माशाला त्याचा त्रास नाही. बाकीचं जाळी ओढून घेते. दुकानदार रस्त्यात भेटला की विचारतो, ‘पडदा लावता न्हं, काका?’

मी ‘व्हय’ म्हणतो.