गाळणीत राहिलेला शब्द

१२ ऑगस्ट

झालं! इन्स्टॉलर — टॅबवर प्रोग्राम टाकायचं पॅकेट — बनला एकदाचा. नाव ठेवलं 'बाबाचा आवाज'.

परवा अकोल्याले ऑपरेशन. गळ्याचा कॅन्सर — आवाजाची पेटीच काढणार. म्हणून आठवडाभर बाबायच्या मागं लागून दोनशे चाळीस शब्द बोलून घेतले. टॅबवर चित्र दाबलं की शब्द वाजते, त्यायच्याच आवाजात. चित्रं यासाठी, की बाबायनं शाळेचं तोंड पाह्यलं नाही. लिहून दाखवतील कुठून?

चाळीस वर्षं चिखलीच्या बाजारात ओरडून मेथी-सांभाराच्या जुड्या विकल्या. रेकॉर्डिंगलेही तेच! "बाबा, हळू बोला." तर म्हणे, "हळू बोलून कधी माल खपते काय, अनू?"

फोल्डरात कचरा लय झाला होता. खोकला आलेले तुकडे, कुत्रं भुंकलेले तुकडे. आमच्या पुण्याच्या ऑफिसात सवय आहे — फाईल टाकून द्यायची असली की नावाआधी 'नको' लावायचं. 'नको_खोकला', 'नको_कुत्रं'. इन्स्टॉलर बनवणारं टूल फोल्डरमधल्या झाडून साऱ्या फायलींची एक्सएमएल यादी काढते. मंग माझी चार ओळींची गाळणी 'नको'नं सुरू होणारं सारं यादीतून उडवते. यादीत नाही ते पॅकेटात नाही. कामच फत्ते.

माझ्या लॅपटॉपवर सगळी चित्रं दाबून पाह्यली. सगळी बोलली.

१४ ऑगस्ट

पाच तास लागले. गळ्याले भोक आहे. मले पाहवलं नाही.

२२ ऑगस्ट

टॅबवर टाकलं. बाबायनं पहिलं दाबलं — पाणी. सारा वॉर्ड वळून पाहू लागला! असा दणदणीत आवाज.

त्यायले स्वतःले ऐकू आलं नसेल. कान पाच-सहा वर्षांपासून अधू, कानाशी ओरडलं तरच ऐकू येते. मी शिकवून ठेवलं: चित्र हिरवं झालं म्हणजे वाजलं समजा.

आई लागली रडाले. मंग बाबायनं दाबलं — रडू. परत — रडू. परत. आई म्हणे, "अनू, त्यायले रडू येऊन राह्यलं वं!" अन् अजूनच हुंदके. बाबा तिच्याकडं पाहत राह्यले, बोट टॅबवर. मले वाटलं धावत बाहेर जावं.

९ सप्टेंबर

घरी येऊन आठ दिवस झाले. आता शेक द्यायचा आहे — रेडिएशन, कॅन्सर परत उठू नये म्हणून. सहा आठवड्यांच्या आत सुरू करा, डॉक्टरनं बजावलं. महिनाभर रोज अकोला. निवृत्तीमामा येऊन सांगून गेला, "शेकानं माणूस आतून भाजून निघते." आई घाबरून गेली.

शेवटी मीच बाबायच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, शेक घ्यायचा, का थांबायचं?"

बाबायनं टॅब पुढं ओढला. मंग दाबलं — थांबू. जरा थांबून परत — थांबू. बोट टॅबवर अजून कुठंकुठं जात होतं. मले वाटलं थकले. मान हलवायची तर सोय नाही, जखम अजून ओली आहे.

आई म्हणे, "त्यायची इच्छा असंन तसं करू." मी दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. वाईट वाटलं. अन् खोटं काऊन लिहू — थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

१७ सप्टेंबर

टॅब कोपऱ्यात पडला आहे. बाबायनंच भिरकावला. भिंतीकडं तोंड करून निजतात. मी चहा नेला तर माझ्याकडं पाह्यलं नाही. मी काय केलं?

पुण्याहून ऑफिसातल्या हर्षलचा फोन — "कधी जॉइन होतेस?" सांगते म्हटलं.

३ ऑक्टोबर

गळ्याच्या डाव्या बाजूले गाठ लागली हाताले. आईनं दाखवली.

५ ऑक्टोबर

लिहवत नाही. तरी लिहिते.

टॅब चार्ज केला. कोणतं चित्र कधी, किती वेळा दाबलं याची नोंद माझाच प्रोग्राम ठेवते, ती उघडली. पाणी अडतीस. दुखते बावीस. रडू एकोणीस. नको — चौसष्ट.

चौसष्ट! अन् मी बाबायच्या तोंडून 'नको' एकदाही ऐकलं नाही.

टॅबमध्ये ती फाईलच नाही. लॅपटॉपवर आहे, म्हणून तिथं बोलली. मंग गाळणी उघडली. 'नको'नं सुरू होणारं सारं काढ. खोकला गेला, कुत्रं गेलं, अन् संगं बाबायचा 'नको'. तो शब्दच 'नको'नं सुरू होते ना वं मूर्खे! अन् प्रोग्राममध्ये मीच लिहून ठेवलेलं — फाईल सापडली नाही तर गपचूप चित्र हिरवं कर, पेशंटले घाबरवू नको.

मंग नऊ सप्टेंबरच्या ओळी पाह्यल्या. थांबू. नको. थांबू. नको. नको. नको. नको.

बाबा 'थांबू नको' म्हणत होते. त्यायले जगायचं होतं. चित्र हिरवं होत होतं, त्यायले वाटलं पोरीनं ऐकलं. ऐकून तारीख रद्द केली!

६ ऑक्टोबर

दुरुस्ती केवढी? गाळणीत 'नको'च्या पुढं एक खालची रेघ — 'नको_'. बस. पॅकेट परत बनवलं, टॅबवर टाकलं.

डॉक्टरले फोन केला. म्हणे, "उशीर झाला आहे. घेऊन या, पाहू. पण फार आशा धरू नका."

आईले सगळं सांगतलं. अर्धी थापलेली भाकर परातीत सोडून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

बाबायले अजून सांगतलं नाही. हिंमत नाही.

७ ऑक्टोबर

सांगतलं. कानाशी ओरडून — "बाबा, तुमचा 'नको' आमच्यापर्यंत आलाच नाही. चूक माझी आहे." मले रडू आवरलं नाही, तोंड झाकून घेतलं. बाबायनं हात लांब करून टॅब ओढला. दोन चित्रं दाबली. भर बाजारातला आवाज, घरभर —

रडू. नको.